मालकाचा माणूस

बोरी बुद्रुकच्या शिवारात व्यापारी सहसा येत नाही; येतो तो व्यापाऱ्याचा माणूस. व्यापारी वाशीला असतो, सुरतेला असतो, कधी बंगळुरूला. त्याचे नाव चिठ्ठीच्या डोक्यावर छापलेले असते, त्याचा आवाज फोनवर ऐकू येतो आणि पैसे आले तर त्याच्याच खात्यातून येतात. पण कांदाचाळीच्या तळातला कांदा उपसून बघणारा, दोन बोटांत त्याची पत्ती चोळणारा, ‘काका, मोड धरलाय की हो’ म्हणत दहा किलोमागे पाच रुपये खाली ओढणारा आणि शेवटी खिशातून चिठ्ठीबुक काढून दर लिहून देणारा गडी वेगळाच असतो. चिठ्ठीवर दर असतो, पिशव्यांचा अंदाज असतो, विसाराची रक्कम असते. वर छापलेले नाव मालकाचे, खाली सही गड्याची.

चार दिवसांनी बाजार पडतो. गाडी येत नाही. फोन लावला तर मालक म्हणतो, ‘तो पोरगा मी नुसता माल बघायला पाठवला होता. भाव ठरवायचा अधिकार त्याला कुणी दिला?’

ही सगळी पुस्तिका या एका प्रश्नाची आहे. ती तयार करणारी मंडळी बोरीतली आणि आजूबाजूच्या गावांतली, स्वतः शेतमालाचा धंदा करणारी आहेत. मी जुन्नरच्या कोर्टात वकिली केली, आणि आमच्याकडे कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाकडून लोक सल्ला आणि प्रस्तावना दोन्ही फुकट घेतात. म्हणून हे काम माझ्याकडे आले.

बोरीचे नाव बाहेरच्या जगात घेतले जाते ते कुकडीच्या काठावर सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ती प्रकाशात आणली. ती सुमात्रातल्या टोबाच्या पाऊण लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून जुन्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांचा वाद बरीच वर्षे चालला. आमच्या गावातले वाद तितके जुने नाहीत, पण जात तीच आहे: समोर पडलेली वस्तू नेमकी कुठून आली? गड्याने दिलेला शब्द त्याच्या स्वतःच्या तोंडून आला की मालकाकडून?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर 1872 सालच्या करार कायद्यात आहे. त्याचे दहावे प्रकरण, म्हणजे 182 ते 238 ही कलमे, मालक आणि प्रतिनिधी यांच्या नात्याबद्दल आहेत. कायद्याची भाषा रूक्ष असली तरी इंग्रजांनी एक चांगले केले: कलमांखाली उदाहरणे दिली. कलम 187 चे उदाहरण बघा. एकाचे दुकान श्रीरामपूरला आहे (बंगालातले श्रीरामपूर, आपले नगरकडचे नव्हे). तो स्वतः कलकत्त्याला राहतो, दुकानात कधीमधी डोकावतो. दुकान दुसराच चालवतो. हा चालवणारा मालकाच्या नावाने माल मागवतो, मालकाच्या पैशातून बिले भागवतो आणि मालकाला ते ठाऊक असते. मग कागदावर एक अक्षर लिहिलेले नसले तरी त्या माणसाला माल मागवायचा अधिकार आहे, असे कायदा धरतो. ज्या कायद्याला दीडशे वर्षे झाली, त्याने आळेफाट्यावरचे खत-औषधाचे दुकान जणू आधीच बघून ठेवले होते.

कलम 237 याच्याही पुढे जाते. मालकाने आपल्या वागण्याने किंवा बोलण्याने समोरच्याची अशी समजूत करून दिली असेल की माझा माणूस हे करू शकतो, तर त्या माणसाने अधिकाराबाहेर जाऊन केलेला व्यवहारही मालकाला बांधतो. उदाहरण असे: मालकाने माल विकायला दिला आणि आत सांगून ठेवले की अमुक भावाखाली विकू नकोस. घेणाऱ्याला ही आतली सूचना माहीत नाही. त्याने कमी भावात माल घेतला. सौदा पक्का, मालक बांधला गेला. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात वीस किलोच्या क्रेटवर रोज हेच घडते. कानात सांगितलेला भाव कानातच राहतो, आणि बाहेर जे दिसले त्यावर व्यवहार उभा राहतो. यालाच मी यापुढे ‘दिसता अधिकार’ म्हणणार आहे.

मात्र हा अधिकार मालकाच्या बाजूने दिसायला हवा. लोक इथेच घसरतात. गड्याने स्वतःच छातीठोक सांगितले की ‘शेठचा सगळा कारभार माझ्याच हातात आहे’, तर त्याने शेठ बांधला जात नाही. शेठने काय केले ते बघायचे. चिठ्ठीबुक कुणी छापून दिले? मागच्या तीन हंगामांत याच गड्याने ठरवलेल्या भावाने शेठने पैसे पाठवले होते का? भावावरून वाद झाला तेव्हा ‘त्याच्याशी बोला’ असे शेठ फोनवर म्हणाला होता का? म्हणाला असेल, तर चौथ्या हंगामात बाजार पडला म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, वडगाव मावळला घडले. ते कोर्टात गेले नाही म्हणून पुस्तिकेत आलेले नाही. मला ते सोडवत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीला आपण ‘इंग्रज सरकार’ म्हणून ओळखतो, पण त्या काळी ती भागधारकांची, संचालकांची आणि पगारी नोकरांची व्यापारी पेढी होती. मुंबईचा गव्हर्नर तिचा नोकर, कलकत्त्याचा गव्हर्नर जनरलही नोकरच. 1773 च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने मुंबई आणि मद्रासच्या नोकरांना वेसण घातली: निकडीचा प्रसंग किंवा विलायतेचा थेट हुकूम असल्याशिवाय कलकत्त्याच्या संमतीविना इथल्या सत्तांशी युद्धही करायचे नाही आणि तहही नाही. मुंबईकरांनी ती जुमानली नाही. मार्च 1775 मध्ये त्यांनी रघुनाथरावाशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याने तो धुडकावला, कर्नल अप्टन नावाचा आपला माणूस पुण्याच्या कारभाऱ्यांकडे धाडला आणि 1 मार्च 1776 रोजी पुरंदरचा तह झाला. पुण्याच्या दरबाराला पहिला धडा मिळाला तो इथे: मुंबईने केलेली सही कलकत्ता पुसू शकते.

मुंबईकर काही थांबले नाहीत. पुरंदरचा तह बाजूला सारून 1778 च्या अखेरीस रघुनाथरावाला बरोबर घेऊन त्यांची फौज पुण्याकडे निघाली. फौजेवर एक समिती होती: जॉन कार्नाक, कर्नल एगर्टन आणि टॉमस मोस्टिन. मोस्टिन आजारी पडून मुंबईला परतला आणि तिथेच वारला. ज्याला मराठे कौतुकाने ‘इष्टुर फाकडा’ म्हणत, तो कॅप्टन स्ट्युअर्ट कार्ल्याजवळ पडला. तळेगावला पोचेपर्यंत दाणावैरण मिळेनाशी झाली. 11 जानेवारी 1779 च्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून फौज मागे फिरली आणि वडगावला चहूबाजूंनी कोंडली गेली.

बोलणी सुरू झाली. समितीने कळवले की कलकत्त्याच्या मंजुरीशिवाय तह करण्याचा अधिकार आम्हाला नाही. यावर महादजी शिंद्यांनी जे विचारले ते ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदवले आहे. त्याचा आशय असा, की मग कर्नल अप्टनने केलेला तह मोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला होता, तो आधी दाखवा. माझ्या वाचनात या विषयावरचा इतका नेमका सवाल दुसरा नाही. तह मोडताना मालकासारखे वागायचे आणि तह करताना नोकर व्हायचे, हे चालणार नाही, एवढेच महादजींना म्हणायचे होते.

शेवटी करार झाला. 1773 नंतर घेतलेला मुलूख साष्टीसकट परत करायचा, बंगालहून येणारी फौज थांबवायची, भडोचच्या वसुलातला वाटा महादजींना द्यायचा. इंग्रजांकडचे फार्मर आणि लेफ्टनंट स्ट्युअर्ट (कार्ल्याजवळ पडला तो नव्हे, दुसरा) असे दोघे ओलीस राहिले आणि फौज मुंबईला सुखरूप जाऊ दिली गेली. घाट उतरताच कार्नाकने बंगालच्या फौजेला थांबण्यासाठी लिहिलेला हुकूम फिरवला. मुंबईने करार नाकारला, कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जनेही नाकारला. कारण तेच, सही करणाऱ्यांना अधिकार नव्हता. कार्नाक आणि एगर्टन यांना कंपनीने नोकरीतून काढले.

आजच्या कायद्याने हे प्रकरण कुणी लढवले असते तर? एका मुद्द्यावर महादजींची बाजू लंगडी पडते. त्यांना माहीत होते. अप्टनच्या प्रसंगाने पुण्याला मुंबईची मर्यादा कळली होती आणि या वेळी समितीने तोंडाने सांगितलेही होते. समोरच्याचा अधिकार तोकडा आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दिसत्या अधिकाराचा आधार घेता येत नाही. करार कायद्याच्या कलम 237 चा आत्मा म्हणजे समजूत. आणि समजूतच नसेल तर उरते काय? मला वाटते महादजींनाही हे कळत होते. म्हणून तर त्यांनी सहीवर विसंबून न राहता माणसे ओलीस ठेवून घेतली. आजच्या भाषेत, त्यांनी नुसत्या चिठ्ठीवर माल सोडला नाही, तारण घेतले.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र कंपनीची बाजू मला पटत नाही. फौज सुटली. हजारो माणसे जिवंत परत गेली. हा कराराचा मोबदला कंपनीने पुरता घेतला, आणि बदल्यात द्यायचे ते नाकारले. वडगावनंतर 93 वर्षांनी त्याच इंग्रजांनी आपल्यासाठी लिहिलेल्या कायद्यात कलम 199 आहे: प्रतिनिधीने अधिकाराबाहेर केलेल्या व्यवहाराचा एक भाग मालकाने मान्य केला, तर सगळा व्यवहार मान्य केला असे धरले जाईल. गोड तेवढे खाल्ले आणि कडू तेवढे थुंकले, असे करता येत नाही. तह आणि करार या गोष्टी वेगळ्या, हे मलाही कळते. तहाचा निवाडा तोफा करतात. तरी धंद्यात रोज जे घडते त्याचा हा मोठ्या आकारातला नमुना आहे. मालक गड्याने आणलेला माल गाडीत भरून नेतो आणि भाव मात्र ‘गड्याने ठरवला होता’ म्हणून नाकारतो, तेव्हा तो हेस्टिंग्जच्याच पंगतीला बसलेला असतो.

1782 च्या मे महिन्यात सालबाईचा तह झाला तेव्हा दोन्ही बाजू शहाण्या झाल्या होत्या. इंग्रजांकडून डेव्हिड अँडरसन रीतसर अधिकार घेऊन आला होता, पेशव्यांच्या बाजूने महादजी होते. तरीही दोन्हीकडच्या मालकांची मंजुरी येईपर्यंत तह पुरा धरला गेला नाही. हेस्टिंग्जने ती लवकर दिली. नाना फडणीसांनी डिसेंबरपर्यंत अडवून धरली.

अडीचशे वर्षांपूर्वीचे हे पुरे. आता जवळचे.

लंडनमध्ये 1964 साली एक निकाल लागला, फ्रीमन आणि लॉकयर विरुद्ध बकहर्स्ट पार्क प्रॉपर्टीज. त्या कंपनीचा एक संचालक होता, नाव कपूर, म्हणजे माणूस आपल्याकडचाच. कंपनीने त्याला व्यवस्थापकीय संचालक कधीच नेमले नव्हते. पण तो तसा वागत होता आणि बाकीचे संचालक बघत होते. त्याने वास्तुविशारद लावले. त्यांचे बिल आल्यावर कंपनी म्हणाली, कपूरला नेमले कुणी? अपील न्यायालय म्हणाले, नेमला नसेल, पण वागू दिलात ना? पैसे द्या. न्यायमूर्ती डिप्लॉक यांनी त्या निकालात दिसत्या अधिकाराच्या अटी मांडल्या. आपल्याकडचे वकील अजून त्या वाचतात. सगळ्यात महत्त्वाची अट वर सांगून झालीच आहे: समजूत करून देणारा स्वतः मालक हवा, किंवा मालकाने ज्याला खरोखर कारभार सोपवला आहे असा कुणीतरी.

आता हा प्रश्न अंगावर येतो तो नोकराने फसवले तेव्हा. याबाबत दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. पहिला 1912 चा इंग्लंडमधला, लॉइड विरुद्ध ग्रेस, स्मिथ. एक विधवा बाई आपल्या दोन घरांच्या कामासाठी सॉलिसिटरच्या कचेरीत गेली. तिथल्या मुख्य कारकुनाने तिच्याकडून कागदांवर सह्या घेतल्या आणि घरे स्वतःच्या नावावर करून घेतली. पेढीला यातून दमडी मिळाली नव्हती. तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने पेढीला जबाबदार धरले. बाई कचेरीत आली होती. कारकुनाला त्या खुर्चीत पेढीने बसवले होते. आणि तो जे काम करतो आहे असे दिसत होते ते पेढीचेच काम होते.

दुसरा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा, 1978 चा, स्टेट बँक विरुद्ध श्यामा देवी. इथेही बँकेच्या नोकरानेच पैसे गिळले. पण पैसे बँकेच्या खिडकीत दिले गेले नव्हते. बाईंच्या नवऱ्याने ते ओळखीच्या, शेजारच्या माणसाच्या हातात ठेवले होते. तो बँकेत कामाला होता एवढेच. पावतीही घेतलेली नव्हती. न्यायालय म्हणाले, तुम्ही बँकेवर नव्हे, मित्रावर विश्वास टाकलात. बँक सुटली.

गावात या दोन निकालांमधले अंतर जेमतेम एका ओट्याएवढे असते. पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानावर येतो, संस्थेचे मशीन घेऊन येतो, पावती फाडून देतो: पहिला निकाल. तोच एजंट एखाद्या रविवारी घरी चहाला येतो, ‘वहिनी, उद्या भरतोच की’ म्हणून वीस हजार घेऊन जातो आणि पावती देत नाही: दुसरा. माणूस तोच आणि त्याच्यावरचा विश्वासही तोच. बदलली ती फक्त संस्थेची खूण.

विम्याच्या बाबतीतही असेच दोन निकाल आहेत. हर्षद शहा विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या 1997 च्या निकालात एजंटाने ग्राहकाकडून हप्त्याचा बेअरर चेक घेतला आणि तो वटवला. ऑगस्टमध्ये ग्राहक अपघातात गेला, आणि एजंटाने महामंडळाकडे पैसे भरले ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. एजंटाने हप्ता घ्यायचा नाही, असा महामंडळाचा नियम होता आणि तसे कळवलेलेही होते. म्हणून महामंडळ बांधले गेले नाही. दोनच वर्षांनी, दिल्लीच्या वीज उपक्रमातल्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या प्रकरणात, उलटा निकाल लागला. तिथे हप्ता पगारातून कापला जाई आणि कापायचे काम महामंडळाच्याच योजनेने कचेरीकडे दिलेले होते. कचेरीने पैसे कापले, भरले नाहीत. भोग महामंडळाच्या वाट्याला आला, विधवेच्या नाही. मला दुसरा निकाल जास्त आवडतो आणि पहिलाही चुकला असे म्हणवत नाही. आमच्या गावांत आजही किती लोक विम्याचा हप्ता एजंटाच्या हातात रोख ठेवतात, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून पाहावे.

एका ठिकाणी मात्र दिसता अधिकार चालतच नाही, आणि ते ठिकाण म्हणजे सरकार. राज्यघटनेचे कलम 299 सांगते की सरकारचा करार राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावानेच व्हायला हवा आणि अधिकार दिलेल्या माणसानेच करायला हवा. हीच अट राज्यघटनेआधीच्या 1935 च्या कायद्यातही होती. 1943 साली ईस्ट इंडियन रेल्वेच्या एका विभागीय अधीक्षकाने धान्याच्या खरेदीच्या ऑर्डरी दिल्या. रेल्वेने थोडा माल घेतला, बाकीचा नाकारला. भिकराज जयपुरिया यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ते हरले: साहेब केवढाही मोठा असो, करार ठरलेल्या रीतीने झाला नव्हता. ठेकेदारांना थोडा दिलासा मिळाला तो त्याच सुमाराच्या बी. के. मोंडल प्रकरणात. अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी गोदामे बांधून दिली होती आणि सरकारने ती वापरली होती. करार रद्दबातल, पण फुकट वापर करता येणार नाही, म्हणून करार कायद्याच्या कलम 70 खाली मोबदला द्यायला लावला. साहेबाच्या तोंडी हुकमावर रस्त्याची किंवा बंधाऱ्याची कामे करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनी हे दोन निकाल तरी पाठ करावेत. व्यापाऱ्याच्या गड्याबाबत जी ढिलाई चालते, ती सरकारी कचेरीत चालत नाही.

जमिनीचेही तसेच. तिथे कुलमुखत्यारपत्र दाखवले जाते, आणि लोक त्यावरचे स्टॅम्प बघतात, मजकूर वाचत नाहीत. देखरेखीसाठी दिलेल्या मुखत्यारपत्रावर जमीन विकता येत नाही. 2011 च्या सूरज लॅम्प निकालानंतर हेही स्पष्ट आहे की नुसत्या मुखत्यारपत्राच्या जोरावर मालकी फिरत नाही. नोंदणीकृत खरेदीखतच लागते. यावर पुस्तिकेत वेगळे प्रकरण आहे, म्हणून इथे थांबतो.

इथपर्यंत वाचून बोरीचा शेतकरी मनात म्हणेल, बरे झाले, व्यापारी सापडला. जरा थांबा. हीच सुरी दुसऱ्या बाजूनेही कापते. 2023 च्या जुलैत नारायणगावला टोमॅटोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला, तेव्हा आठ दिवस आधी कमी भावाने दिलेला शब्द मोडायची इच्छा ज्यांना झाली ते व्यापारी नव्हते. ‘सौदा पोराने केला, सातबारा माझ्या नावावर आहे’ असे म्हणणारे बाप मी ऐकले आहेत. पण पोरगा चार वर्षे बाजार करतो आहे, पट्ट्या त्याच्या हातात येतात, गाडीभाडे तो देतो, आणि बाप ओट्यावर बसून हिशेब ऐकतो. मग तोच कायदा बापालाही बांधतो. सातबारा जमिनीचा पुरावा आहे, टोमॅटोचा सौदा कुणी करायचा याचा नव्हे. सालगड्याच्या बाबतीतही हेच. त्याने वाटेवरच्या टेम्पोवाल्याला चार क्रेट विकले आणि तुम्ही कधी विचारले नाही, तर पाचव्या वेळी विचारायला उशीर झालेला असतो.

आणि आता गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. कायद्याने त्या कंपन्या आहेत. आधी 1956 च्या कंपनी कायद्यात 2002 साली त्यांच्यासाठी भाग घातला गेला, आता 2013 च्या कायद्यात त्यांचे प्रकरण आहे. संचालक शेतकरी, मिटिंगा रात्री देवळात, ठराव पुढच्या महिन्यात लिहायचे. बाहेरच्या माणसाने तुमचे ठराव-पुस्तक तपासत बसावे, अशी अपेक्षा कायदा करत नाही. लंडनच्या टर्कंड खटल्यापासून, म्हणजे 1856 पासून, हे मान्य आहे की घरातली शिस्त घरच्यांनी सांभाळायची. बाहेरच्याने सार्वजनिक कागद पाहिले म्हणजे पुरे. त्यामुळे व्यवस्थापक म्हणून ज्या पोराला तुम्ही लेटरहेड, शिक्का आणि कंपनीचा ईमेल दिला, त्याने खताच्या पन्नास पिशव्या उधारीवर उचलल्या, तर ‘ठराव झाला नव्हता’ हे उत्तर तोकडे पडेल. अर्थात खोट्या सहीला ही सवलत नाही, आणि ज्याला पाहताक्षणी शंका यायला हवी होती त्यालाही नाही. पन्नास पिशव्यांच्या जागी पन्नास लाखांचे कर्ज असेल, तर समोरच्यानेही विचारायला हवे होते.

भागीदारीच्या पेढीत प्रत्येक भागीदार एकमेकांचा प्रतिनिधी असतो, आणि 1932 च्या कायद्याचे कलम 19 त्याला काय काय करता येत नाही त्याची यादीच देते. ती मुळातून वाचा.

सध्याच्या काळातला एक प्रकार मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे. दुकानाच्या गल्ल्यावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. तो कुणी चिकटवला? मालकाने. त्यावर पैसे भरले की मालकाला पोचले. आत कुणाचे खाते निघाले ही मालकाची डोकेदुखी. पण काउंटरवरचा पोरगा म्हणाला, ‘तो कोड चालत नाही, माझ्या नंबरवर टाका’, आणि तुम्ही टाकलेत, तर वाद तुमच्या अंगावर येऊ शकतो. आता त्यात भर घाला: गेले सहा महिने गिऱ्हाइके त्याच पोराच्या नंबरवर टाकत होती, मालकाला कळत होते, उधारी खात्यातून कमीही होत होती. चित्र पालटले. आता तो नंबरच मालकाने दाखवलेला गल्ला झाला. पैसे टाकताना निरोपात बिलाचा नंबर लिहिण्याची सवय ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे पुसू नका. जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष कायद्यात ते पुरावा म्हणून दाखल करण्याची रीत कलम 63 मध्ये दिली आहे, सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

माणूस कामावरून गेला की पुढे काय, हा शेवटचा भाग, आणि मालकांनी आळस केला तर सगळ्यात महागात पडणारा. करार कायद्याचे कलम 208 सांगते की अधिकार काढून घेतला ही गोष्ट नोकराला कळल्यावर त्याच्यापुरती लागू होते, पण बाहेरच्यांना ती त्यांना कळेपर्यंत लागू होत नाही. तिथले उदाहरणही बोलके आहे. मद्रासच्या माणसाने मुंबईच्या गोदामातला कापूस विकायला पत्राने एकाला सांगितले, मग दुसऱ्या पत्राने तो अधिकार काढून घेतला. दुसरे पत्र हातात पडल्यावरही त्या पठ्ठ्याने कापूस विकला, पैसे घेतले आणि पळाला. घेणाऱ्याला पहिले पत्र माहीत होते, दुसरे नव्हते. त्याने दिलेले पैसे मालकाला मिळाले असेच धरायचे.

आपल्याकडे अशा वेळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर फोटोसह नोटीस छापतात: सदर इसम आमच्याकडे कामास नाही, त्याच्याशी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही. नवख्या माणसाला ती लागू पडेल. पण जो शेतकरी दहा वर्षे त्याच माणसामार्फत माल देतो, तो ते पान वाचतो का? अशा जुन्या लोकांना एकेकाला कळवावे लागते. चिठ्ठीबुक परत घ्या, शिक्का परत घ्या, व्हॉट्सअ‍ॅप गटातून नाव काढा आणि त्याच गटात काढल्याचे लिहा. ज्या आडत्याकडे आणि ज्या खतवाल्याकडे त्याचे उठणेबसणे होते, त्यांना त्याच दिवशी फोन करा आणि फोननंतर दोन ओळी लिहून पाठवा.

शेतकऱ्याच्या बाजूने सांगायचे तर, पैसे अडकले की आधी मालकावर दावा आणि सोबत गड्यावरही, असेच कागद तयार करा. अधिकार नसताना अधिकार आहे असे खोटे सांगणारा कलम 235 खाली स्वतः भरपाईला जबाबदार असतो. गड्याकडून काही निघणार नाही हे बहुतेक वेळा आधीच दिसते. तरी तो पक्षकार असला की कोर्टात मालक आणि गडी एकमेकांवर बोट दाखवतात आणि त्या भांडणात खरे बाहेर येते.

पुस्तिकेच्या शेवटी दोन कोरे नमुने छापले आहेत. एक, माणूस नेमताना त्याला काय करता येईल आणि काय नाही, हे लिहून समोरच्यांना कळवायचा. दुसरा, तो गेल्यावर तसे कळवायचा. दोन्ही पाने कातरून काढता येतात. ती आज काढून ठेवा. बाकीची पुस्तिका सवडीने वाचली तरी चालेल.